गळ, गाभोळी आणि स्टीलहेड

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यात, डिसेंबरच्या सुमारास पावसाची झड लागते आणि नद्या फुगतात. पुढे पाणी जरा निवळू लागले की गळ टाकणाऱ्यांची पावले नदीकाठाकडे वळतात. त्यांतला जो नवशिका असतो तो आधी दुकानात जातो. तेथे भिंतीवर टांगलेल्या पुड्यांतून त्याला गळ निवडायचा असतो आणि पहिल्याच पुडीपाशी तो अडखळतो. गळांवर क्रमांक असतात. परंतु ८ क्रमांकाचा गळ लहान, ४ क्रमांकाचा त्याहून मोठा आणि २ क्रमांकाचा आणखी मोठा. अशी उलटी मोजणी १ पर्यंत आली की पुढे शून्य जोडून सुलटी मोजणी सुरू होते. १/०, २/०, ३/० असे आकडे येतात आणि आता आकड्याबरोबर गळही वाढू लागतो. गोंधळलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार चार गोष्टी विचारतो. पाणी कसे आहे? आमिष कोणते लावणार? नदी कोणती? आणि मासा घरी नेणार की सोडून देणार? या चारांची उत्तरे मिळाल्यावाचून गळ सांगता येत नाही.

नवशिक्याला हे प्रश्न केवळ व्यवहाराचे वाटतात. वस्तुतः त्यांतल्या प्रत्येकामागे बराच जुना इतिहास आहे. शेवटच्या दोन प्रश्नांपायी तर माणसे तुरुंगात गेली आहेत आणि खटले त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आहेत.

ज्या माशासाठी हा खटाटोप, त्याचे नाव स्टीलहेड, म्हणजे पोलादी मस्तकाचा. समुद्रातून नुकत्याच नदीत शिरलेल्या या माशाच्या डोक्यावर व पाठीवर निळसर पोलादी झाक असते आणि कुशी चांदीसारख्या लखलखतात. याचे कूळ कोणते, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ घोळ होता. १७९२ मध्ये वॉलबाम या जर्मन पंडिताने सैबेरियाच्या पूर्वेकडील कामचटका द्वीपकल्पातील माशाला तेथल्याच लोकांच्या शब्दावरून ‘मायकिस’ असे नाव दिले. पुढे १८३६ मध्ये सर जॉन रिचर्डसन यांनी कोलंबिया नदीतील माशाला ‘गेर्डनेरी’ हे नाव दिले. हडसन्स बे कंपनीच्या फोर्ट व्हँकूव्हर येथील ठाण्यावर मेरेडिथ गेर्डनर नावाचा तरुण वैद्य होता. त्याने हे नमुने धाडले होते. बिचारा गेर्डनर पुढच्याच वर्षी क्षयाने वारला. हे दोन्ही मासे एकच, हे शास्त्राने यथावकाश मान्य केले आणि १९८९ मध्ये ‘गेर्डनेरी’ हे नाव मागे पडून जुने ‘मायकिस’ रूढ झाले.

स्टीलहेड ही वेगळी जातच नव्हे, ही यातली मौजेची गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीच्या थंड ओढ्यांत जो रेनबो ट्राउट मुद्दाम आणून सोडण्यात आला, तो आणि हा एकाच जातीचे. एकाच नदीत जन्मलेल्या पिलांपैकी काही जन्मभर ओढ्यातच राहतात आणि वीतभर-हातभर वाढून थांबतात. काही मात्र एक ते तीन वर्षे नदीत काढून समुद्राची वाट धरतात, उत्तर पॅसिफिकमध्ये दूरवर फिरतात आणि आणखी दोन-तीन वर्षांनी धष्टपुष्ट होऊन जन्मनदीत परततात. सामान्यतः असा मासा तीन ते पाच किलोंचा भरतो. १९७० मध्ये अलास्कातील बेल आयलंड येथे एका आठ वर्षांच्या मुलाच्या गळाला लागलेला स्टीलहेड ४२ पौंड २ औंस, म्हणजे १९ किलोंहून अधिक भरला होता. पॅसिफिक सामन अंडी घालून मरतो. स्टीलहेडचे तसे नाही. तो पुन्हा समुद्रात जाऊ शकतो आणि पुन्हा परत येऊ शकतो. हा भेद लहान वाटला, तरी गळाच्या इतिहासात पुढे त्याला मोठे महत्त्व आले. कारण सोडून दिलेला स्टीलहेड नुसता यंदाच अंडी घालील असे नव्हे, तर कदाचित पुन्हाही परतेल.

आता आमिषाचे कोडे. हिवाळ्यात नदीत चढणारा स्टीलहेड प्रजननाच्या ओढीने आलेला असतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर त्याचे चाललेले असते, त्याचे पोट आक्रसू लागलेले असते आणि तो जवळजवळ उपाशीच राहतो. ज्याला भूक नाही त्याला आमिष कोणते दाखवायचे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. जुन्या मराठीच्या काही ओळी त्यात आढळतात म्हणून मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ विशेष प्रिय आहे. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून हिळवावे आणि मग गळ कसा टाकावा, याचा त्यात राजेशाही विस्तार आहे. परंतु सोमेश्वराचे मासे खाणारे होते. रोज खाद्य घालून ते एका जागी जमवता येत. स्टीलहेड आज येथे तर उद्या पाच कोस वर, आणि पोटाने बेपर्वा. राजाचे शास्त्र येथे लागू पडत नाही.

तरीही तो आमिष तोंडात घेतो. का घेतो, याविषयी तर्क पुष्कळ आहेत. बाळपणी याच नदीत वाहत येणारी अंडी व किडे टिपून तो वाढला, ती सवय जागी होत असावी, असे कोणी म्हणतात. आपल्या जागेत घुसणाऱ्या वस्तूवर तो चिडून झडप घालतो, असे दुसरे म्हणतात. माशाला हात नसतात, वस्तू चाचपून पाहायची तर तोंडातच घ्यावी लागते, असेही एक शहाणपणाचे मत आहे. कारण काही असो, नदीकाठच्या लोकांना अनुभवाने एवढे कळले की सर्व आमिषांत सामन माशाची गाभोळी श्रेष्ठ. त्याच नद्यांतून सामनची अंडी वाळूखड्यांतून निसटून प्रवाहात वाहत असतात आणि ट्राउट कुळाचे मासे ती टिपतात. गाभोळी लावणारा माणूस नवे काही करीत नाही. नदीत चाललेल्याच व्यवहाराची तो नक्कल करतो.

पण गाभोळी म्हणजे नाजूक वस्तू. ताजी लावली तर दोन फेकींत गळावरून विरघळून जाते. म्हणून तिला मुरवण्याची एक स्वतंत्र पाककलाच या प्रदेशात निर्माण झाली. कोकणातील सुगरण खारवलेल्या सुक्या मासळीविषयी जितक्या अभिमानाने बोलेल, तितक्याच अभिमानाने तेथला म्हातारा मच्छीमार आपल्या गाभोळीविषयी बोलतो आणि तितक्याच कसोशीने प्रमाण गुप्त ठेवतो. मूळ द्रव्य टाकणखार. तो अंड्यांतले पाणी खेचून त्यांची कातडी चिवट करतो व ती नासू देत नाही. त्याबरोबर मीठ आणि साखर, रंगासाठी लाल किंवा नारिंगी भुकटी. सुपारीएवढे तुकडे कापून ते टाकणखारात घोळवतात आणि डब्यात भरून थंड जागी ठेवतात. याखेरीज समुद्रकाठच्या वाळूतली कोळंबी आणि जाडजूड गांडुळे ही आमिषेही चालतात. परंतु गांडूळ हे नवशिक्याचे आणि गाभोळी ही जाणत्याची, असा एक समज आहे. तो फारसा खरा नाही. थंडगार पाण्यात गांडुळावर लागलेले स्टीलहेड पुष्कळ आहेत.

गाभोळीने गळाचे रूपही ठरवले. या आमिषासाठी गळाचे नेढे किंचित मागे वळलेले लागते. तंगूस त्या नेढ्यातून ओवून दांड्याभोवती गुंडाळतात आणि वर एक सैल फास ठेवतात. तंगूस मागे ढकलला की फास उघडतो, त्यात गाभोळीचा तुकडा बसवायचा, तंगूस ओढला की फास आवळतो. तुकड्याला भोक पडत नाही, म्हणून तो टिकतो. कोणी गाभोळीची चिमूट रंगीत जाळीच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करतात. कोणी फासात लोकरीचा गुलाबी गोंडाही अडकवतात. मासा आमिष थुंकू लागला की लोकर त्याच्या बारीक दातांत गुंतते आणि माणसाला क्षणभर अधिक मिळतो. त्या क्षणावर पुष्कळ काही अवलंबून असते, कारण स्टीलहेड गळ ओढून नेतोच असे नाही. पुष्कळदा दोरी वाहता वाहता नुसती थबकते. नवशिक्याचे पहिले दहा मासे या थबकण्यात हुकतात आणि तो समजतो की गळ दगडाला अडकला होता.

दगडाला अडकणेही चालूच असते. स्टीलहेड नदीच्या तळालगत, मोठ्या खडकांच्या आडोशाला राहतो; म्हणून आमिष तळाशीच वाहिले पाहिजे. त्यासाठी शिसे लागते. शिसे मुख्य तंगुसाला बांधत नाहीत. त्याला वेगळा, कच्चा धागा देतात. खडकाच्या फटीत शिसे रुतले तर तो धागा तुटतो, गळ व आमिष वाचतात. शिशापासून गळापर्यंतचा तुकडा गढूळ पाण्यात हात-दीडहात, नितळ पाण्यात त्याहून लांब. शिसे इतकेच असावे की ते तळाला टकटक आपटत पुढे सरकेल. जड झाले तर रुतते, हलके झाले तर आमिष माशाच्या डोक्यावरून निघून जाते. ज्यांना ही टकटक बोटांना कळत नाही ते शिशाऐवजी तरंगा लावून आमिष तळापासून वीतभर वर लोंबकळत सोडतात. नवशिक्याला हीच पद्धत सोपी. तरंगा बुडाला की काठी उचलायची, एवढेच त्याला समजावे लागते.

आणि क्रमांक? फुगलेल्या, मातकट पाण्यात आमिष मोठे हवे, म्हणून गळ १/० किंवा २/०. पाणी हिरवट निवळले की २ किंवा १. उन्हाळ्यात, काचेसारख्या पाण्यात, ४ किंवा ६ क्रमांकाचा बारीक गळ आणि त्यावर नखाएवढे आमिष. नवशिका सहसा याच्या उलट करतो. मोठ्या माशाला मोठा गळ, असे त्याचे सरळ गणित असते.

हा पोलादी गळ मात्र या नद्यांचा नव्हे. तो आला इंग्लंडातून. वूस्टरशरमधील रेडिच हे गाव शिवणाच्या सुया करणारे. सुईची पोलादी तार वाकवून टोकाजवळ उलटा दात उचलला की तिचा गळ होतो, आणि जगभर जाणारे गळ याच गावी घडू लागले. पुढे नॉर्वेतील मुस्टाड या कारखान्याने १८७७ मध्ये गळ करणारे यंत्र तयार केले आणि गळ खिळ्यांसारखा स्वस्त झाला.

इंग्लंडातून केवळ गळ आला नाही. त्याच्याबरोबर एक विचारही आला. काठीने, एकेक करून, खेळवून मासा धरणे हे सभ्य माणसाचे. जाळे टाकणे हे धंद्याचे किंवा चोरट्याचे. त्यातही पिसांची कृत्रिम माशी लावणारा श्रेष्ठ, आमिष लावणारा त्याच्या खालचा. ऑरेगॉनमधील नॉर्थ अम्प्क्वा नदीवर, जेथे लोकप्रिय कादंबरीकार झेन ग्रे १९३० नंतरच्या दशकात तळ ठोकून बसत असे, तेथे १९५२ पासून मोठ्या पट्ट्यात केवळ पिसांच्या माशीचीच परवानगी आहे. ही श्रेणी आजही दुकानात ऐकू येते. तिने नद्यांचे काही भले केले यात शंका नाही. परंतु तिचे एक फळ कडूही होते.

कारण त्या नद्यांवर आधीपासून लोक राहत होते. गळ त्यांना ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. मका, हैडा, ट्लिंगिट या किनाऱ्यावरच्या लोकांनी हॅलिबट नावाच्या चपट्या, अवाढव्य माशासाठी घडवलेले लाकडी गळ संग्रहालयांत पाहायला मिळतात. मका लोक लाकडाची चिवट गाठ केल्प या समुद्रशेवाळाच्या पोकळ नळीत घालून वाफवीत, मऊ झाल्यावर वाकवीत आणि आतल्या बाजूस हाडाचा काटा बांधीत. त्याची फट अशी मापून ठेवलेली असे की फार लहान मासा त्यावर अडकत नसे आणि होडी उलटवील असा फार मोठाही अडकत नसे. मोठे हॅलिबट बहुधा अंड्यांनी भरलेल्या माद्या असतात. गळाच्या आकाराने मासा निवडण्याचे शास्त्र रेडिचच्या गळापूर्वी या लोकांनी असे हस्तगत केले होते.

परंतु नदीतल्या सामन-स्टीलहेडसाठी त्यांची मुख्य साधने वेगळी होती: वाखाची जाळी, भाले आणि प्रवाहात आडवी उभारलेली लाकडी कुंपणे. हिवाळा सरत आला की वाळवलेल्या सामनचा साठा संपत येई आणि त्या वेळी नदीत ताजा मासा असे तो स्टीलहेड. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, विनोदाचा नव्हे. १८५४-५५ मध्ये वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने त्यांच्याशी तह केले. जमिनी गेल्या, परंतु आपल्या नेहमीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे धरण्याचा हक्क त्या तहांनी त्यांच्याकडे राखला.

पुढच्या सत्तर वर्षांत नद्यांचे रूप पालटले. १८६६ मध्ये कोलंबियाकाठी सामन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला. पाण्याच्या जोराने फिरत मासे उपसणारी प्रचंड चक्रे प्रवाहांत बसवली गेली. मोठा चिनूक सामन कमी होताच कारखान्यांनी स्टीलहेडलाही डब्यात घातले. ऑरेगॉनने ही चक्रे १९२६ मध्ये आणि वॉशिंग्टनने १९३४ मध्ये बंद केली. दरम्यान, १९२५ मध्ये, वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने स्टीलहेडला क्रीडेचा मासा ठरवले. याचा अर्थ नदीत तो धरायचा तर गळानेच धरायचा, जाळ्याने नाही. कायद्याचा हेतू कारखान्यांपासून मासा वाचवण्याचा होता आणि तो हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे गळ हे साधन एका बाजूचे आणि जाळे दुसऱ्या बाजूचे झाले. गळ टाकणारे जवळजवळ सगळे गोरे, जाळे टाकणारे मूळचे रहिवासी. सर्वांना सारखा वाटणारा नियम प्रत्यक्षात सगळा मासा एकाच पंक्तीला वाढीत होता.

निस्क्वाली नदीकाठचा बिली फ्रँक ज्युनियर या मुलाला १९४५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जाळे टाकल्याबद्दल प्रथम अटक झाली. नंतरच्या काळात तो इतक्या वेळा पकडला गेला की त्याचा हिशेब ठेवणे कठीण झाले. १९६० नंतर या लोकांनी उघड उघड जाळी टाकून कायदेभंग सुरू केला. भारतीय श्रोत्याला ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. १९६४ च्या मार्चमध्ये प्युॲलप नदीवर त्यांच्यासोबत होडीत बसलेला नट मार्लन ब्रँडो यालाही अटक झाली आणि वर्तमानपत्रांना एकाएकी स्टीलहेडचे महत्त्व कळले.

प्युॲलप जमातीचा खटला सर्वोच्च न्यायालयात तीनदा गेला. १९६८ मध्ये न्यायालय म्हणाले की मासा टिकवण्यासाठी राज्याला नियम करता येतील, पण ते पक्षपाती असता कामा नयेत. १९७३ मध्ये न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकाल लिहिला की स्टीलहेडवर जाळ्याची सरसकट बंदी घालून सारा मासा गळवाल्यांना देणे हा पक्षपातच आहे. त्याच निकालात दुसरीही बाजू त्यांनी स्पष्ट केली: तहाने मिळालेला हक्क म्हणजे शेवटचा जिवंत स्टीलहेड जाळ्यात येईपर्यंत पाठलाग करण्याचा हक्क नव्हे. पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १९७४ रोजी, टकोमा येथे न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी ‘इतर नागरिकांच्या बरोबरीने’ या तहातील शब्दांचा अर्थ लावला आणि धरण्याजोग्या माशांतील निम्मा वाटा जमातींचा ठरवला. गळवाले संतापले, बोल्ट यांचे पुतळे टांगले गेले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाचा गाभा कायम केला. या वादात गळवाल्यांची बाजू संपूर्ण खोटी होती असे म्हणता येणार नाही. नदीवर त्यांचेही प्रेम होते आणि मासा कमी होत चाललेला त्यांना दिसत होता. फक्त तो कोण कमी करीत आहे, याचा शोध त्यांनी सर्वांत दुबळ्या माणसाच्या जाळ्यात घेतला.

खरे कारण त्याहून फार मोठे होते आणि काँक्रीटचे होते. कोलंबियावरचे ग्रँड कूली धरण १९४२ मध्ये पूर्ण झाले; त्याला माशांसाठी वाटच नाही. त्याच्या वरच्या साऱ्या नद्या समुद्राहून येणाऱ्या माशाला कायमच्या बंद झाल्या. १९५७ मध्ये द डॅलेस धरणाच्या पाण्याखाली सिलायलो धबधबा गेला. तेथे हजारो वर्षे माणसे फळ्यांच्या मचाणांवर उभी राहून मासे धरीत होती. जंगलतोडीने ओढ्यांवरची सावली गेली, अंडी घालण्याच्या खड्यांवर गाळ बसला. भरपाई म्हणून सरकारने पैदासकेंद्रांत कोट्यवधी पिले वाढवून सोडली. पण ती नदीत वाढलेल्या माशाइतकी कणखर निघत नाहीत आणि त्याच्याशी मिसळली तर त्याचीही पैदास खालावते, असे पुढे दिसून आले. १९९७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया, वरची कोलंबिया आणि स्नेक या भागांतील स्टीलहेडला केंद्रीय कायद्याखाली संरक्षण मिळाले. वॉशिंग्टनच्या प्यूजेट साउंडमधील स्टीलहेडचे नाव २००७ मध्ये त्या यादीत आले.

तेव्हापासून दुकानदाराचा शेवटचा प्रश्न पहिला झाला. पैदासकेंद्रातल्या पिलाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा मांसल लहान पर कापून सोडतात. गळाला लागलेल्या माशाचा तो पर कापलेला असेल तर बहुतेक ठिकाणी मासा घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर तो रानमासा, त्याला सोडावे लागते. सोडायचाच असेल तर गळही तसा हवा. ब्रिटिश कोलंबियातील कँबेल नदीकाठी राहणारा दंडाधिकारी आणि लेखक रॉडरिक हेग-ब्राउन १९७६ मध्ये मरण पावला. माशाचे मोल तो हाती लागल्याने संपत नाही, हे तो आयुष्यभर लिहीत आला होता; आज त्याच प्रांतातील नद्यांत गळ एकच आणि बिनदाताचा असावा असा नियम आहे. रेडिचच्या कारागिरांनी ज्या उलट्या दाताला जपले, तो आता पकडीने दाबून सपाट करावा लागतो. बिनदाताच्या गळाने मासा निसटतो अशी तक्रार नवशिका करतो; दोरी ताठ ठेवली तर तितकासा निसटत नाही आणि सोडवताना माशाचे तोंड फाटत नाही, हे त्याला दुसऱ्या हंगामात उमगते.

गाभोळीवरही पाळी आली. आमिष मासा खोल गिळतो, गळ घशात किंवा कल्ल्यांत रुततो, आणि असा मासा सोडूनही दगावण्याची भीती अधिक. शिवाय गाभोळीच्या वासावर नदीतली बाल-ट्राउटही गळाला लागते. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्याने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत त्या हिवाळ्यासाठी आमिष व वासाची द्रव्ये बंद केली, होडीतून गळ टाकण्यास मनाई केली आणि एकेरी बिनदाती गळ सक्तीचा केला. नंतरच्या हिवाळ्यांतही मासे कमी आले तेव्हा बंधने आली आणि काही नद्यांवर हंगामच बंद ठेवावा लागला. टाकणखारात मुरवलेल्या गाभोळीचे डबे कित्येक घरांत तसेच पडून राहिले.

एके ठिकाणी मात्र उलट घडले. ऑलिंपिक द्वीपकल्पातील एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली. शंभर वर्षे अडलेल्या नदीत स्टीलहेड वरपर्यंत चढू लागले. धरणे पाडायला घेतली तेव्हाच एल्वात गळ आणि जाळे दोन्ही थांबवण्याचे राज्य व एल्वा क्लॅलम जमात यांनी मिळून ठरवले होते; आधी मासा नदीत नीट बसू द्यावा, मग पाहू.

दुकानातला नवशिका शेवटी एक पुडी उचलतो: २ क्रमांक, एकेरी, नेढे मागे वळलेले. दुकानदार त्या वर्षीच्या नियमांची पुस्तिका उघडून त्याच्या नदीचे पान शोधतो, तेथे बोट ठेवून दोन ओळी वाचून दाखवतो आणि पुडीबरोबर एक लहान पकड गल्ल्यावर ठेवतो.